शिफेराव मास्तरांची रंगीत तालीम

परीक्षेला तयारीशिवाय बसायचं नाही, हा शिफेराव मास्तरांचा जन्मभराचा नियम होता. मग ती परीक्षा लघवीची का असेना.

देब्रे बिरहान या पठारावरच्या गावातल्या सरकारी शाळेत त्यांनी उभी हयात भूगोल शिकवला. निवृत्त झाल्यावर फळा गेला, खडू गेला, विद्यार्थी गेले; शिकवण्याची खोड तेवढी राहिली. घरात श्रोता एकच, बायको. वैझरो येशी, म्हणजे येशीबाई, स्वभावाने सोशीक, पण खचदरी कशी तयार होते हे एखाद्या बाईने डाळ निवडताना किती वेळा ऐकावं याला काही मर्यादा असते. हल्ली मास्तरांनी "आपला हा पठारी प्रदेश" अशी सुरुवात केली की त्या मिरच्या वाळत घालायला अंगणात जात. मिरच्या नसल्या तरी जात.

अशात टेकडीवरच्या नव्या खासगी शाळेतून मास्तरांना बोलावणं आलं. तिथले भूगोलाचे शिक्षक नोकरी सोडून राजधानीला गेले होते. हुदादेचा मोठा उपास संपून फासिकाचा, म्हणजे ईस्टरचा, सण झाला, की मास्तरांनी वर्ग हातात घ्यावा, असं मुख्याध्यापकांचं म्हणणं पडलं.

"पालक समितीची संमती लागेल, ती मिळेलच," मुख्याध्यापक म्हणाले. "आणि सरकारी आरोग्य केंद्राचा तंदुरुस्तीचा दाखला. त्यात काही नाही हो, एक डबी भरून द्यायची."

मास्तर शाळेच्या फाटकातून निघाले ते हवेत तरंगत. घराच्या उंबऱ्यापाशी येईपर्यंत मात्र पाय जमिनीला लागले. डबी भरून द्यायची, आणि तिच्यात काही निघालं तर? त्यांचे वडील साखरेच्या आजाराने गेले होते. आपल्यातही ती मुरलेली असली, तर वर्ग गेलाच. मग पुन्हा ते अंगण, त्या नसलेल्या मिरच्या आणि येशींची पाठ. मास्तरांना मनापासून भीती वाटली. ती त्यांनी बायकोला सांगितली नाही. त्याऐवजी ते औषधाच्या दुकानात गेले.

दुकानदार हाब्तामू हा त्यांचाच विद्यार्थी. त्याने गल्ल्यामागून एक उभा डबा काढून दिला. आत पातळ पट्ट्या, प्रत्येक पट्टीवर इवल्या रंगीत चौकटींची रांग. साखरेची एक, रक्ताची एक, जंतूंची एक, अशा. डब्याच्या अंगावर रंगांचा तक्ता.

"बुडवायची, काढायची, रंग तक्त्याशी जुळवायचे," हाब्तामू म्हणाला. "पण मास्तर, आतला कागद आधी वाचा बरं का."

"हाब्तामू," मास्तर म्हणाले, "मी जन्मभर रंगांवरून डोंगर आणि दऱ्या ओळखल्या आहेत. तू मला कागद वाचायला सांगतोस?"

घरी आल्याबरोबर त्यांनी डबा उघडला. आत एक पांढरी पुडी होती. तिच्यावर 'खाऊ नये' असं छापलेलं. मास्तरांना ते हास्यास्पद वाटलं. हुदादे चालू असताना दुपारपर्यंत पाण्याचा थेंब न घेणाऱ्या माणसाला पुडी खाऊ नकोस म्हणून सांगायचं! त्यांनी ती केरात टाकली. डब्याचं झाकण भलतंच घट्ट होतं, दर वेळी नखं दुखायची. तेही त्यांनी बाजूला ठेवलं आणि तोंडाला फडक्याचा बोळा लावून डबा स्वयंपाकघराच्या खिडकीत, चुलीच्या वर, हाताशी राहील असा ठेवला.

मग ते तालमीला लागले. पट्टी बुडवली, काढली, खिडकीच्या कठड्यावर आडवी ठेवली, आणि चष्मा शोधत असतानाच येशींची हाक आली. उपास सोडायची वेळ झाली होती. पान वाढलेलं होतं, आणि जेवून झेनेबेचकडे कॉफीला जायचं होतं.

वैझरो झेनेबेच या शेजारच्या. त्यांच्याकडची कॉफी म्हणजे गल्लीचं वर्तमानपत्र, न्यायालय आणि दवाखाना. तीन फेऱ्या होतात. पहिल्या फेरीत कोण आजारी आहे ते कळतं, दुसरीत त्याला काय झालंय ते ठरतं, आणि तिसरीत उपचार. मास्तर तिसऱ्या फेरीनंतर घरी आले, चष्मा सापडला, आणि त्यांनी पट्टी पाहिली.

साखरेची चौकट तपकिरी. प्रथिनांची हिरवी. रक्ताची निळसर. बाकीच्या चौकटींनीही जमेल तसे रंग बदलले होते. तक्त्यावर जेवढे म्हणून वाईट रंग होते, ते सगळे मास्तरांच्या अंगात एकाच वेळी वस्तीला आले होते. असा माणूस शाळेत सोडा, घरीसुद्धा जिवंत सापडायला नको होता.

ते तसेच पट्टी कागदात गुंडाळून झेनेबेचकडे परत गेले. भांडी विसळणं थांबलं. निखाऱ्यांवर पुन्हा फुंकर पडली. गल्लीतल्या कोणालाही आठवत नव्हती अशी चौथी फेरी झाली.

"हे मूत्रपिंड," झेनेबेच पट्टी दुरून पाहत म्हणाल्या. "माझ्या दिराचं अगदी असंच होतं. अळीव वाटून द्या, लिंबातनं."

"अळीव गरम पडेल. लसूण द्या," दुसरी एक शेजारीण म्हणाली.

"मास्तर, इतकी वर्षं खडू खाल्लात, तो कुठंतरी बाहेर पडणारच," आतो गिझाव म्हणाले.

आतो गिझाव, म्हणजे श्रीयुत गिझाव, यांची ओळख करून द्यायलाच हवी. गावात असा एक माणूस असतो, की समिती आधी स्थापन होते की त्याचं अध्यक्षपद आधी ठरतं हे कळत नाही. गिझाव गल्लीच्या इद्दिरचे, म्हणजे मयताला मंडप, बाकं आणि भांडी पुरवणाऱ्या मंडळाचे प्रमुख होते. देवळाच्या डागडुजीचे प्रमुख होते. आणि टेकडीवरच्या त्या शाळेच्या पालक समितीचेही प्रमुख होते. उपासाच्या बाबतीत तर त्यांचा हात कोणी धरायचा नाही, आणि हे ते स्वतःच दर दोन वाक्यांनी सांगत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर अंगणात आले, तर समोरच्या मोकळ्या जागेत इद्दिरचा मंडप उन्हात पसरलेला. दोघं जण त्याची भोकं शिवत होते.

"काही नाही मास्तर, सहज," गिझाव म्हणाले. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. वर्षातनं एकदा ऊन दाखवावंच लागतं."

मास्तरांचा अपमान असा झाला, की रागाच्या भरात त्यांनी शेवटी तो कागद वाचायला घेतला. टेफ या बारीक धान्याच्या दाण्याएवढी अक्षरं, वर भिंग धरून. त्यात स्पष्ट लिहिलं होतं, की रंग घड्याळ लावून ताबडतोब वाचायचे. दोन मिनिटं उलटून गेल्यावर जे दिसेल त्याला काही अर्थ नाही. मास्तरांनी पट्टी वाचली होती ती दोन तासांनी.

त्यांनी भर दुपारी, रिकाम्या पोटी, घड्याळ समोर ठेवून पुन्हा पट्टी बुडवली. साखर नाही. प्रथिनं नाहीत. रक्त नाही. मास्तरांना इतका आनंद झाला की त्यांनी एकट्यानेच "शाबास" म्हटलं. फक्त एक चौकट जांभळट गुलाबी झाली होती. कीटोन. कागद सांगत होता, की साखरेचा आजार हाताबाहेर गेला तर हा रंग येतो; किंवा मग माणूस बराच वेळ उपाशी असला, शरीर आपलीच चरबी जाळू लागलं, की येतो.

साखर तर नव्हती. म्हणजे राहिला उपास.

एखाद्याने इथं समाधान मानून डबा बंद केला असता. पण मास्तरांच्या डोक्यात शिक्षक जागा झाला. उपाशी माणसाची चौकट जांभळी. म्हणजे चौकट जांभळी तो उपाशी. म्हणजे चौकट फिकी तो... मास्तर उभेच राहिले. पिढ्यान्‌पिढ्या जे फक्त देवाला आणि पापाची कबुली ऐकणाऱ्या ज्याच्या त्याच्या पाद्रीबाबांना ठाऊक असायचं, ते आता एका पट्टीवर दिसणार होतं!

त्या दिवशीच्या कॉफीला त्यांनी हा शोध जाहीर केला. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. गिझाव हसले नाहीत.

"आणा तुमची पट्टी," ते मांडी ठोकून म्हणाले. "जांभळा रंग म्हणजे काय असतो ते तुम्हाला उद्या दाखवतो. पट्टीच जळेल!"

दुसऱ्या दिवशी मास्तरांच्या अंगणात रांग लागली. गल्लीतल्या लोकांनी जे मिळेल त्या भांड्यातून नमुने आणले होते. गिझाव सगळ्यांच्या पुढे, हातात काचेची बरणी. बरणीवर मधाची चिठ्ठी, मधमाशीच्या चित्रासकट.

मास्तरांनी पट्टी बुडवली, घड्याळ पाहिलं, सगळे वाकले. कीटोनची चौकट जशीच्या तशी फिकी राहिली. मात्र साखरेची चौकट चढत चढत गडद तपकिरी झाली.

"ही साखर कसली हो?" कोणीतरी विचारलं.

"बरणी मधाची," मास्तर म्हणाले. आपण हे किती चटकन ओळखलं याचं त्यांना कौतुक वाटलं. "तो मध बोलतोय. तो सोडून द्या. प्रश्न या चौकटीचा आहे." आणि मग, जे शब्द त्यांनी पुढे कित्येक दिवस गिळायचा प्रयत्न केला ते त्यांनी मोठ्याने उच्चारले, "गिझाव, सकाळी काय खाल्लंत?"

गिझावांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल.

"मास्तर," ते म्हणाले, "तुमची माझी ओळख जुनी आहे म्हणून हात उचलत नाही. पण त्या शाळेत तुम्ही पाऊल कसं टाकता तेच बघतो."

ते बरणी तिथंच टाकून निघून गेले. वर्ग हातचा जातोय हे मास्तरांना कळलं. पण रांग उभी होती आणि विज्ञान थांबत नाही, म्हणून त्यांनी उरलेल्यांच्या पट्ट्याही बुडवल्या. कोणी जांभळे निघाले, कोणी फिके. फिक्यांनी जांभळ्यांशी बोलणं टाकलं. संध्याकाळी, जेवणं झाल्यावर, सहज म्हणून त्यांनी येशींचीही पट्टी पाहिली. ती स्वच्छ फिकी होती.

आता शहाणा नवरा इथं गप्प बसतो. मास्तर म्हणाले, "येशी, तूसुद्धा?"

येशींनी लहानपणापासून एकही उपास मोडला नव्हता. बाळंतपणात पाद्रीबाबांनी मोकळीक दिली होती तेव्हाही त्या चुटपुटत जेवल्या होत्या. त्यांनी हातातलं ताट खाली ठेवलं आणि नवऱ्याकडे नुसतं पाहिलं. त्यानंतर घरात बोलणं बंद झालं. इंजेऱ्याची पोळी वेळेवर समोर येई, वर शिरोची आमटीही येई, पण ती अशी आपटून की मास्तरांना आपण खाणावळीत उधारीवर जेवतोय असं वाटे.

इकडे उन्हाळी सरी सुरू झाल्या. चुलीवर शिरो रटरटत होता, वाफ खिडकीत चढत होती, आणि बोळा लावलेला डबा ती वाफ मुकाट्याने पीत होता. फिके निघालेले लोक फेरतपासणीची मागणी करत आले. मास्तरांनी पट्ट्या बुडवल्या आणि पुन्हा पुन्हा तक्ता पाहिला. सगळ्यांची जंतूंची चौकट गुलाबी! झेनेबेच गुलाबी, त्यांची सून गुलाबी, कोपऱ्यावरचा शिंपी गुलाबी. मास्तरांनी स्वतःची बुडवली, तीही गुलाबी.

"साथ आहे," ते हळूच म्हणाले.

हा शब्द गल्लीभर व्हायला कॉफी उकळायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. विहिरीवर दोष आला. मग शिंप्यावर आला, तो नुकताच दुसऱ्या गावाहून आला होता एवढ्यावरून. कोणी लसूण खाल्ला, कोणी मठातून तीर्थ आणून बादलीने प्यायलं. झेनेबेचनी आपल्या भांड्यांतून साथ पसरायला नको म्हणून कॉफी बंद केली. लढाईच्या दिवसांतही बंद न पडलेली कॉफी बंद पडल्यावर मात्र लोक खरे घाबरले, आणि एका सकाळी अख्खी गल्ली आरोग्य केंद्राच्या आवारात जाऊन बसली. थोड्याच वेळात मास्तरांना बोलावणं आलं, डब्यासकट.

केंद्राच्या प्रमुख डॉक्टर हिवोत या बारीक चणीच्या, चटपटीत बाई होत्या. मास्तरांना पाहून त्या उठून उभ्या राहिल्या. मास्तरांना क्षणभर बरं वाटलं.

"मला ओळखलंत का सर? नववीत तुमच्याकडे होते. नकाशावाचनात तुम्ही मला नापास केलं होतंत."

मास्तरांचं बरं वाटणं संपलं.

"सूची न बघता नकाशा वाचला म्हणून," बाई पुढे म्हणाल्या. "सगळ्या वर्गासमोर म्हणाला होतात, रंग कोणालाही दिसतात, त्यांचा अर्थ खाली लिहिलेला असतो. आता सांगा, या डब्याचं झाकण कुठाय?"

"घट्ट होतं."

"ते घट्ट असावं म्हणूनच तसं केलेलं असतं. आतली पुडी?"

"टाकली. मी खाणार नव्हतोच."

डॉक्टरबाईंनी डोळे मिटून घेतले. मग डब्यातली एक पट्टी काढून, कशातही न बुडवता, त्यांनी ती मास्तरांच्या नाकासमोर धरली. कोरड्या पट्टीची जंतूंची चौकट गुलाबी होती.

"हवेतला ओलावा लागला, की ही आपोआप गुलाबी होते. साथ तुमच्या डब्याला आलीय, सर. गल्लीला नाही. आणि हा उपासाचा काय प्रकार? वैझरो येशींचा नमुना किती वाजता घेतलात?"

"संध्याकाळी. जेवल्यावर."

"आणि तुमचा?"

"दुपारी. जेवायच्या आधी," मास्तर म्हणाले, आणि वाक्य पुरं व्हायच्या आतच त्यांचे कान तापले.

"जेवलेलं माणूस उपाशी कसं दिसेल? आणि उपाशी राहूनसुद्धा सगळ्यांना हा रंग येतोच असं नाही. रात्री कोण किती जेवलं, किती पाणी प्यायलं, कोणाचा देह कसा, सगळं बघावं लागतं. पट्टी फक्त विचारायला लावते, सर. उत्तर माणसाला विचारून काढायचं असतं. हुदादे लागला की अर्धं गाव असं जांभळं येतं माझ्याकडे. मी काय देवळात कळवते?"

येशी दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मास्तर वळले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "येशी, मी गाढव आहे."

"ते मला लग्नापासनं माहितीय," येशी म्हणाल्या. बऱ्याच दिवसांनी आलेलं ते पहिलं वाक्य होतं, आणि मास्तरांना ते अतिशय गोड वाटलं.

केंद्रातल्या चांगल्या पट्ट्यांनी सगळ्यांची तपासणी झाली. सगळे ठणठणीत. मास्तरही. आवारात हसणं, खिदळणं सुरू झालं, शिंप्याची लोकांनी माफी मागितली, आणि डॉक्टरबाईंनी मास्तरांचा दाखला पुढे ओढून लेखणी उघडली.

"खरं तर परवानगी नसताना लोकांच्या तपासण्या केल्यात, हे मला वरच्या कचेरीला कळवायला हवं," त्या म्हणाल्या. "कळवलं, की त्यांचं उत्तर येईपर्यंत हा दाखला अडकला. आणि उत्तर फासिकाच्या आत येत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. पण सगळे तपासून झाले, कोणाला काही झालेलं नाही. हे सगळे आले ना? राहिलं तर नाही कोणी?"

"गिझाव राहिले," बाहेरून झेनेबेच हसत म्हणाल्या. "ते कशाला येतील! आणि माझी बरणी पण राहिली मास्तरांकडे. ती परत द्या बरं."

"कुठली बरणी?" मास्तरांनी विचारलं.

"ती मधमाशीची. गिझावच्या बायकोला मीच दिली होती, बटणं ठेवायला. कधीपासनं बटणंच होती तिच्यात. मधाचा थेंब तरी बघितलाय का त्या बरणीनं एवढ्यात?"

मास्तरांचं हसू मावळलं. मधमाशीचं चित्र पाहून त्यांनी जी साखर मधाची म्हणून सोडून दिली होती, ती मधाची नव्हती. डब्यात ओलावा मुरण्याआधीची ती पट्टी होती, घड्याळ लावून वाचलेली. खरा आजार दाखवणारी एकुलती एक पट्टी, आणि तिच्याकडेच त्यांनी पाहिलं नव्हतं.

समोर लेखणी दाखल्यावर टेकली होती. गप्प बसलं की सही. बोललं की कचेरी, चौकशी, उत्तराची वाट आणि पुन्हा अंगण. शिवाय ज्याच्यासाठी बोलायचं तो माणूस आपल्याला शाळेत पाऊल टाकू देणार नाही म्हणून बसलेला. मास्तरांना तो वर्ग फार हवा होता. मग त्यांना वडील आठवले. ते घटाघटा पाणी पीत, आणि उन्हाळा आहे म्हणून घरात कोणी काही विचारलं नव्हतं.

"थांबा," ते म्हणाले. "सही करू नका. एक जण राहिलाय, आणि त्याला झालंय."

त्यांनी सगळं सांगितलं. डॉक्टरबाईंनी लेखणी मिटली.

"कचेरीचं मग बघू. आधी त्यांना घेऊन या."

गिझावांच्या फाटकाशी मास्तर गेले, तेव्हा गिझाव भिंतीच्या आडोशाला पाण्याचा डबाच तोंडाला लावून पीत होते. दुपार व्हायची होती. मास्तरांना पाहून त्यांनी डबा पाठीमागे लपवला, एखादं लहान मूल लपवतं तसा.

"या, बघा," ते ओरडले. "आता हेही जाऊन सांगा कॉफीला!"

"मी चुकलो, गिझाव," मास्तर म्हणाले. "चारचौघांत बोललो, तर माफीही चारचौघांत मागीन. पण आता माझ्याबरोबर चला. तुमच्या लघवीत साखर आहे, आणि ती मधाची नाही."

"जा हो! तुमच्या पट्टीवर आता कुत्रं विश्वास ठेवणार नाही."

"ठेवू नका. केंद्रातल्या पट्टीवर ठेवा."

"मी येत नाही."

"ते येतायत!" घरातून गिझावांच्या बायकोचा आवाज आला, आणि पाठोपाठ त्याही आल्या. "मास्तर, न्या त्यांना. सारखे उठतात, सारखे पितात. कमरेच्या पट्ट्याला नवी भोकं पाडून द्यावी लागली मला. विचारलं तर म्हणतात, भक्तीनं वाळलोय!"

केंद्रात पट्टी बुडाली, तपकिरी झाली. मग बोटाला सुई टोचून रक्त घेतलं, त्यातही साखर चढलेली निघाली. डॉक्टरबाईंनी शांतपणे समजावलं. लवकर सापडलंय, औषधं आहेत, खाण्यापिण्याच्या वेळा पाळायच्या, नीट राहिलात तर नातवंडांची लग्नं बघाल.

गिझाव खाली मान घालून ऐकत होते. मान वर केली तेव्हा त्यांचे डोळे भरले होते.

"म्हणजे ती तहान, ती भूक... ती आजारानं होती?" त्यांनी विचारलं. "सकाळपासनं राहवायचं नाही हो मला. चोरून पाणी प्यायचो, चोरून भाकर खायचो आणि मग देवळात जाऊन रडायचो. वाटायचं, जन्मभर केलं आणि म्हातारपणी श्रद्धाच आटली माझी. म्हणून तर मोठ्यानं बोलत होतो."

"श्रद्धेला काही झालेलं नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आजारी माणसाला उपास माफ असतो. तुमच्या पाद्रीबाबांना विचारा, तेही हेच सांगतील."

आयुष्यात पहिल्यांदाच मास्तर कोणाला काही न शिकवता नुसते शेजारी बसले आणि त्यांनी गिझावांचा हात धरला. गिझावांनी तो सोडवून घेतला नाही.

फासिका झाला. कोंबडीच्या रश्श्याचा वास गल्लीभर सुटला, झेनेबेचकडे पुन्हा तीन फेऱ्या सुरू झाल्या, आणि मास्तरांनी तिथं कबूल केल्याप्रमाणे उभं राहून माफी मागितली. ती त्यांनी प्रस्तावना, विषयविवेचन आणि उपसंहार अशी मागितल्यामुळे कॉफी गार झाली, पण कोणी तक्रार केली नाही. कचेरीला डॉक्टरबाईंनी एवढंच कळवलं होतं, की एका निवृत्त शिक्षकाने एका रुग्णाला वेळेवर आणून पोचवलं.

पालक समितीची बैठक भरली. मास्तर बाहेरच्या बाकावर, येशी त्यांच्या शेजारी. दार अर्धवट उघडं होतं. आत अध्यक्ष आतो गिझाव खाकरले.

"या माणसाबद्दल माझ्या दोन हरकती होत्या," ते म्हणाले. "एक, नको तिथं नाक खुपसतो. दोन, जे कानात सांगायचं ते चावडीवर सांगतो. दुसरी हरकत अजून आहे. पहिली मी मागे घेतो. त्यानं नाक खुपसलं नसतं, तर तो मंडप एव्हाना माझ्याच दारात लागला असता. पोरांना असाच मास्तर पाहिजे, चुकला तरी परत येऊन सांगणारा. घ्या त्याला."

मग मुख्याध्यापकांनी दाखला वाचून दाखवला. 'प्रकृती उत्तम. शिकवण्यास पूर्ण पात्र. शाळेच्या प्रथमोपचार पेटीची किल्ली मात्र यांच्याकडे देऊ नये.' आत एकच हशा पिकला, आणि त्यात गिझावांचा आवाज सगळ्यांत मोठा होता. मास्तर निषेध नोंदवण्यासाठी ताडकन उठले. येशींनी त्यांचा कोट धरून त्यांना खाली बसवलं आणि त्यांच्या कोटावरचा नसलेला खडू झटकला.

सोमवारी पहिल्या तासाला मास्तर वर्गात शिरले. पोरं उभी राहिली. मास्तरांनी भिंतीवर नकाशा टांगला, पट्टी उचलली, आणि "आपला हा पठारी प्रदेश" एवढं म्हणून ते थांबले. पुढचे शब्द ठाऊक होते, पण त्यांना आधी पोरांकडे नीट पाहून घ्यायचं होतं. पोरं हातात पेन्सिली धरून वाट बघत होती, आणि त्यांच्यातलं एकही उठून अंगणात गेलं नाही.